अभिनय करायला मुंबईत येताय? गाव सोडण्यापासून रिकामे महिने काढण्यापर्यंत

एकांकिकेला बक्षीस मिळालं, परीक्षकांनी पाठ थोपटली की लातूर असो, चिपळूण असो की अकोला, पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मुंबईला जाऊ का?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. प्रत्येकाला फोनवर तेच तेच अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हणून हा लेख.

मी इचलकरंजीची. मालिका, व्यावसायिक नाटक आणि डबिंग या तीन गोष्टींवर माझं घर चालतं. पोस्टरवर माझा चेहरा नसतो, पण काम चालू असतं. मुंबईत येणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला असंच करिअर येतं, म्हणून मी त्याबद्दलच लिहिणार आहे. पहिलं काम मिळवण्याबद्दल सगळेच बोलतात. पहिलं काम संपल्यावर आणि दुसरं मिळेपर्यंत काय करायचं, याबद्दल कुणी बोलत नाही. मी पाहिलेले परत गेलेले बहुतेक जण अभिनयात कमी नव्हते, ते या मधल्या काळात संपले.

१. गावात असतानाच करून घ्या

मुंबईत उतरल्या दिवसापासून भाडं सुरू होतं, त्यामुळे इथे येऊन निवांत शिकू असं म्हणू नका. रंगमंचाची सवय गावातच करा. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा राज्यभरातल्या केंद्रांवर होते. तुमच्या जवळच्या केंद्रावर कोणती संस्था नाटक बसवते आहे ते शोधा आणि दोन एन्ट्रीची भूमिका मिळाली तरी घ्या. दोन महिन्यांच्या तालमीत जे अंगात मुरतं ते आठ दिवसांच्या कार्यशाळेत मुरत नाही. कॉलेजात असाल तर पुरुषोत्तम, लोकांकिका यांसारख्या स्पर्धा सोडू नका. चतुरंग प्रतिष्ठानची 'सवाई' एकांकिका स्पर्धा २५ जानेवारीच्या रात्री होते. इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका तिथे एकमेकींसमोर उभ्या राहतात. स्पर्धेत नसलात तरी एकदा ती रात्रभर बसून पाहा. आपल्या वयाची मुलं कुठवर पोचली आहेत ते तिथे कळतं.

बोलीबद्दल थोडं सविस्तर सांगते. गावाकडची मुलं मुंबईत आली की सगळ्यात आधी आपली बोली पुसून टाकतात. असं करू नका. कोल्हापूर, सातारा, कोकण, विदर्भ इथे घडणाऱ्या मालिका सतत येत असतात आणि कास्टिंगच्या, म्हणजे भूमिकांसाठी कलाकार निवडण्याच्या, मेसेजमध्ये 'मालवणी यायलाच हवी' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. शिकून आणलेली बोली कॅमेऱ्यात लगेच कळते. तुमची बोली तशीच ठेवा आणि तिच्या शेजारी प्रमाण मराठी तयार करा. 'न' आणि 'ण', 'श' आणि 'स', 'ल' आणि 'ळ' यांवर लक्ष ठेवून रोज वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचा, फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. ऐकणं टाळलं तर या सरावाचा उपयोग नाही. हिंदीचाही असाच सराव करा. हिंदी सुधारली नाही तर हिंदी मालिकांत 'शेजारची मराठी बाई' किंवा 'हवालदार' यापलीकडे बोलावणं येत नाही.

पैशाचं साधं गणित: घराचं डिपॉझिट बाजूला काढून, भाडं, जेवण, प्रवास आणि फोन यांचा किमान सहा महिन्यांचा खर्च बँकेत असल्याशिवाय निघू नका. त्याच्या आत काम मिळालं तरी हातात पैसे यायला वेळ लागतो. का लागतो, ते पुढे येईल.

२. राहायचं कुठे

अंधेरी पश्चिमेला वर्सोव्याजवळ आरामनगर आहे. जुन्या बैठ्या बंगल्यांमध्ये कास्टिंगची ऑफिसं आणि ऑडिशनचे स्टुडिओ दाटीवाटीने बसले आहेत. यारी रोड, चार बंगला, लोखंडवाला, ओशिवरा हा सगळा परिसर याच माणसांचा. म्हणून नवीन मुलं येतात ती थेट तिथेच, आणि अर्धी पुंजी भाड्यात घालवतात.

पण काम कुठे कुठे होतं ते पाहा. मालिकांचे सेट गोरेगावच्या चित्रनगरीत, मढला, मीरा रोड आणि नायगावच्या बाजूला, ठाण्यात घोडबंदर रोडला. तालमी दादर, परळ, पार्ल्यात. प्रयोग बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरेपासून कल्याणच्या अत्रे रंगमंदिरापर्यंत. आरामनगरच्या शेजारी राहून फक्त ऑडिशन जवळ येते. त्यामुळे जागा निवडताना स्टेशन बघा. गोरेगाव-जोगेश्वरी पट्टा सोयीचा आहे, कारण २०१८ पासून हार्बरची गाडीही गोरेगावपर्यंत येते. बोरिवली-दहिसर त्या मानाने स्वस्त, आणि आता तिथून मेट्रो आहे. डोंबिवली-कल्याणला ओळखीची माणसं असतात, जेवणाची सोय होते, पण नायगावला सकाळी सातचा कॉल, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, लागला की हाल होतात. दिवा-वसई मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत. तिथे राहायचंच असेल तर पहाटेच्या गाड्यांचं वेळापत्रक आधी बघून घ्या.

पीजी घेताना पहिला प्रश्न गेट किती वाजता बंद होतं हा विचारा. साडेदहाला कुलूप लागणारी जागा आपल्या कामाची नाही. मालिकेची शिफ्ट नऊला सुटते, नाटकाचा रात्रीचा प्रयोग साडेअकराला संपतो, त्यानंतर ट्रेन. मुलींनी स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता रात्री अकरानंतर एकदा स्वतः चालून बघितल्याशिवाय जागा नक्की करू नये.

फ्लॅट घेत असाल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृतच हवा. नोंदणी करणं ही कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे. 'स्टॅम्पपेपरवर लिहून देतो, पुरे' याला मान डोलवू नका. डिपॉझिट बँकेतूनच द्या. आपण काय काम करतो ते मालकाला खरं सांगा आणि उशिरा येण्याबद्दल सोसायटीला त्याच्याकडून आधीच कळवून ठेवा. लपवलंत तर दोन महिन्यांनी वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे जाब विचारतात आणि भर शूटिंगच्या दिवसांत घर शोधायची वेळ येते.

३. जवळ ठेवायचे कागद आणि सामान

एका फाइलमध्ये आणि फोनवरच्या एका फोल्डरमध्ये एवढं कायम तयार असू द्या:

- आधार आणि पॅन, एकमेकांना जोडलेले. पॅन निष्क्रिय असेल तर मानधनातून जास्त दराने कर कापला जातो.
- स्वतःच्या नावाचं बँक खातं आणि रद्द केलेला चेक
- पासपोर्ट. परदेशातल्या शूटिंगसाठी किंवा नाटकाच्या दौऱ्यासाठी अचानक लागतो.
- राहत्या जागेचा करार
- एक मिनिटाचा परिचयाचा व्हिडिओ, मराठीत एक आणि हिंदीत एक
- चार-पाच फोटो आणि एका पानाची माहिती: उंची, वय, येणाऱ्या बोली, येणाऱ्या गोष्टी. पोहणं, दुचाकी, लावणी, लाठी, हार्मोनियम, जे खरोखर येतं तेवढंच.
- ऑडिशनची पिशवी: एक साधा गडद कुर्ता, एक साडी किंवा पांढरा शर्ट, एक जीन्स-टीशर्ट, कंगवा, टिकल्या, सेफ्टीपिना, फेस वाइप्स, पाण्याची बाटली
- मोबाइलचा ट्रायपॉड आणि एक लहान लाइट

फोटोंसाठी हजारो रुपयांचा पोर्टफोलिओ लागत नाही. कास्टिंगवाल्यांना तुम्ही आज जसे दिसता तसे फोटो हवे असतात. खिडकीच्या उजेडात, साध्या भिंतीपुढे, कमीत कमी मेकअपमध्ये समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक आणि पूर्ण उंचीचा एक, इतकं पुरतं. केस कापले, दाढी वाढवली, वजन बदललं की नवे काढा. फोटोतला माणूस वेगळा आणि दारात उभा राहिलेला वेगळा असं झालं की कास्टिंगवाले पुन्हा बोलवत नाहीत.

४. ऑडिशन

ऑडिशनची माहिती बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फिरते: वय, रूप, बोली, शूटिंगचं ठिकाण, तारखा, रोजचं बजेट. त्या वर्णनात तुम्ही बसत नसाल तर प्रोफाइल पाठवू नका. पंचविशीची मुलगी हवी असताना चाळिशीतले लोक फोटो पाठवतात, मग पाठवणाऱ्याचं नावच उघडून पाहिलं जात नाही.

प्रत्यक्ष ऑडिशन अशी चालते. दारावरच्या वहीत नाव, नंबर लिहायचा. एक मुलगा येऊन तुमच्याकडे पाहतो आणि कधी कधी तिथेच 'नॉट फिट' म्हणतो. ते तुमच्या अभिनयाबद्दल नसतं, त्याला हव्या असलेल्या चेहऱ्याबद्दल असतं. वाद घालू नका, धन्यवाद म्हणून निघा. फिट असाल तर एक पान हातात येतं. जिन्यात, गल्लीत, झाडाखाली दहा-वीस जण तेच पान पुटपुटत उभे असतात. आत गेल्यावर खोली लहान असते, एक कॅमेरा, दोन लाइट, मागे निळा किंवा राखाडी पडदा. आधी परिचय: नाव, वय, उंची, मूळ गाव, आतापर्यंतचं काम. मग डावीकडे वळा, उजवीकडे वळा, हात दाखवा. मग प्रसंग. समोरची वाक्यं म्हणणारा बहुधा कास्टिंगचा सहायक असतो आणि तो सपाट आवाजात वाचतो. त्याच्याकडून काही मिळेल ही अपेक्षा ठेवू नका, समोर कोण आहे ते तुम्ही मनात आधीच ठरवून आत जा.

नाटकातून आलेल्यांचा आवाज आणि हात दोन्ही मोठे असतात. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असते. इथे प्रेक्षक चार फुटांवर आहे. फ्रेम कुठून कुठपर्यंत आहे ते विचारून घ्या. विचारणं अजिबात वावगं नाही, उलट विचारणाऱ्याला काम कळतं असं समजतात. पाठ केलेली वाक्यं विसरलात तर थांबून 'सॉरी' म्हणू नका, प्रसंगात राहा आणि आशय बोला. आणि कागद हातात धरून ऑडिशन देऊ नका. तो थरथरतो आणि बघणाऱ्याचं लक्ष तिकडेच जातं.

आता निम्म्याहून जास्त ऑडिशन्स घरूनच व्हिडिओ करून पाठवायच्या असतात. मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर. मागे कपाट, कॅलेंडर, वाळत घातलेले कपडे नकोत. समोरची वाक्यं वाचायला माणूस हवाच. तो कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी बसलेला हवा आणि त्याचा आवाज तुमच्यापेक्षा हळू हवा. पंखा बंद करा, घरघर रेकॉर्ड होते. फाइलला नाव, भूमिका आणि फोन नंबर असं नाव द्या. सांगितलेल्या वेळेच्या आत पाठवा, कारण उत्तम पण उशिरा आलेला व्हिडिओ कुणी उघडत नाही.

नंतर 'शॉर्टलिस्ट आहात' असं कळतं, मग 'चॅनलला पाठवलंय', मग लूक टेस्ट, म्हणजे भूमिकेच्या वेशात आणि मेकअपमध्ये बघणं. यातल्या कुठल्याही टप्प्यावर सगळं थांबू शकतं. करारावर सही होऊन कॉल टाइम हातात येईपर्यंत काम मिळालेलं नसतं. तोवर नोकरी सोडू नका, दुसरं काम नाकारू नका, गावात पेढे वाटू नका.

५. फसवणूक कशी ओळखायची

एकच कसोटी पक्की धरा: काम देणारा तुम्हाला पैसे देतो, तो तुमच्याकडून घेत नाही. नोंदणी फी, आर्टिस्ट कार्ड, ड्रेसचं डिपॉझिट, 'चॅनलच्या माणसाला द्यावे लागतात', 'आधी आमच्याकडूनच पोर्टफोलिओ करा', यातलं काहीही ऐकू आलं की फोन ठेवा. कोऑर्डिनेटर, म्हणजे काम मिळवून देणारा मधला माणूस, कमिशन घेतो हे खरं, पण ते काम झाल्यावर, मिळालेल्या मानधनातून, आधी ठरलेल्या टक्क्याने.

मोठ्या चॅनलचं किंवा प्रसिद्ध कास्टिंग डिरेक्टरचं नाव वापरून मेसेज येतात. त्या नावाच्या अधिकृत पानावरून खात्री करून घ्या आणि त्याच ग्रुपमधल्या दोन जुन्या कलाकारांना विचारा. ऑडिशन हॉटेलच्या खोलीत होत नाही, रात्री दहाला होत नाही आणि 'मोकळेपणा तपासायला' कुणी कपडे काढलेला व्हिडिओ मागत नाही. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

मुलींनो, आणि मुलग्यांनोही, ऑडिशनला जाताना ठिकाण आणि वेळ कुणातरी जवळच्याला पाठवून ठेवा. कामाच्या जागी लैंगिक छळ झाला तर २०१३ चा कायदा मालिकेच्या सेटलाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. या कायद्याने महिलांना संरक्षण दिलं आहे. मुलग्यांनी अशा वेळी पोलिसांकडे आणि कलाकारांच्या संघटनेकडे जावं. 'तक्रार केलीस तर काम मिळणार नाही' असं सांगणारे भेटतील. तक्रार करून आजही उत्तम काम करणाऱ्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत.

६. सेटवरचा पहिला दिवस

कॉल सातचा असेल तर साडेसहाला पोचा. असिस्टंट डिरेक्टरला भेटा, मेकअपरूम विचारा आणि आजचे सीन कोणते ते घ्या. पानं बहुतेक वेळा त्याच दिवशी, कधी कधी मेकअप चालू असताना हातात येतात. म्हणून रोज काहीतरी पटकन पाठ करायची सवय आधीपासून हवी.

कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधले कपडे आणि वस्तू पुढच्या शॉटमध्ये तशाच असणं, हा शब्द पहिल्याच दिवशी तुमच्या मागे लागेल. मालिकेत घरातून बाहेर पडतानाचा शॉट आज आणि अंगणातला शॉट चार दिवसांनी होतो. सांभाळणारा सहायक असतो, पण त्याच्याकडे पंधरा कलाकार असतात. मी प्रत्येक सीन संपला की मेकअपरूमच्या आरशात फोनवर फोटो काढते: टिकली कोणती, बांगड्या कुठल्या हातात किती, पदर पिनअप होता की मोकळा, वेणी पुढे की मागे, पिशवी कोणत्या खांद्यावर. फोटोच्या नावात सीन नंबर. एकदा दिग्दर्शकाचा अख्खा सेट माझ्या त्या फोल्डरवर खोळंबला होता, कारण चार दिवसांपूर्वी ओवाळताना निरांजन कुणाच्या हातात होतं ते कुणालाच आठवेना. त्या दिवसापासून टीम मला नावाने ओळखू लागली.

स्पॉटदादा, मेकअपदादा, हेअर करणाऱ्या ताई, ड्रेसवाले या माणसांशी नीट वागा. पुढच्या मालिकेच्या सेटवर तीच माणसं असतात, आणि 'ती मुलगी कशी आहे?' हा प्रश्न त्यांनाही विचारला जातो. सेटवरचे फोटो, कथेतलं वळण, लूक यातलं काहीही परवानगीशिवाय पोस्ट करू नका. भाग प्रत्यक्ष दिसेपर्यंत घरच्यांनाही 'अमुक दिवशी बघा' असं सांगू नका. सीन कापला जातो, ट्रॅक बदलतो, आणि गावाकडे अख्खी गल्ली टीव्हीपुढे बसलेली असते.

७. करार आणि पैसे

मालिकेत मानधन बहुतेक वेळा दिवसावर ठरतं. शिफ्ट बारा तासांची. करारावर सही करण्याआधी या गोष्टी तपासा: रोजचं मानधन किती, महिन्याला किमान किती दिवसांची हमी, प्रवासखर्च वेगळा आहे का, बारा तासांपुढे काय, दुसरीकडे काम करायला मनाई आहे का आणि असली तर किती काळ, भूमिका मध्येच बंद झाली तर किती दिवसांची पूर्वसूचना, पैसे किती दिवसांनी. यातल्या मनाईच्या कलमावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. महिन्याला सहा दिवसांचं काम देऊन तीसही दिवस अडकवून ठेवणारे करार असतात. 'दिवसांची हमी द्या किंवा नाटक आणि डबिंगला मोकळीक लिहून द्या' एवढं शांतपणे मागता येतं, आणि बऱ्याचदा मिळतंही.

टीव्हीत पैसे नव्वद दिवसांनी मिळण्याची पद्धत आहे. जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे सप्टेंबर संपता संपता येतात. सहा महिन्यांच्या पुंजीचा आग्रह धरला तो म्हणूनच.

रोजची एक वही ठेवा: तारीख, सेट, कॉल टाइम, पॅकअप, सीन नंबर. मी काम करत असलेली एक मालिका अचानक बंद झाली आणि निर्मात्याने शेवटच्या दोन महिन्यांचं मानधन लांबवायला सुरुवात केली. 'हे दिवस झालेच नाहीत' असंही सांगितलं गेलं. माझ्याकडे वही होती आणि प्रत्येक दिवसाच्या कॉलचा व्हॉट्सअॅप मेसेज होता. संघटनेकडे तक्रार करताना ते सगळं जोडलं. वेळ गेला, पण पूर्ण रक्कम आली. माझ्यासोबतच्या ज्यांच्याकडे नोंद नव्हती त्यांना तडजोड करावी लागली.

कराचं थोडक्यात: मानधनातून सहसा दहा टक्के टीडीएस कापून पैसे येतात. तो कापलेला पैसा तुमच्या नावावर सरकारकडे जमा झाला का, ते आयकराच्या पोर्टलवर दिसतं. नवीन कलाकाराचं वर्षाचं उत्पन्न कमी असतं, त्यामुळे रिटर्न भरलं तर त्यातला बराच परत मिळतो. अनेक जण रिटर्नच भरत नाहीत आणि ते पैसे सोडून देतात. शिवाय घर भाड्याने घेताना, कर्ज काढताना, व्हिसा काढताना हेच रिटर्न तुमची सॅलरी स्लिप ठरतं. वर्षाची कमाई वीस लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी बघावी लागते. त्या वेळी चांगला सीए गाठा, आधी गरज नाही.

८. संघटना

अभिनेत्यांसाठी सिंटा, म्हणजे सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन. लेखनाकडे वळणार असाल तर स्क्रीनरायटर्स असोसिएशन, तिथे संहितेची ऑनलाइन नोंदणी करता येते. कुणालाही गोष्ट ऐकवण्याआधी ती करून घ्या. नाटकासाठी नाट्य परिषद, मराठी चित्रपटांसाठी चित्रपट महामंडळ. सदस्यत्व थेट संघटनेच्या कार्यालयात किंवा संकेतस्थळावर घ्या. 'मी कार्ड काढून देतो' म्हणणाऱ्या मधल्या माणसाची गरज कधीच नसते.

९. रिकामे महिने

मालिका संपते. कधी टीआरपी घसरला म्हणून, कधी स्लॉट बदलला म्हणून, कधी तुमचं पात्र शहराबाहेर गेलं आणि परत आलंच नाही म्हणून. त्यानंतर दोन महिने जाऊ शकतात, आठही जाऊ शकतात. हे तुमच्या बाबतीत होणारच असं धरून चाला, म्हणजे झालं तेव्हा स्वतःवर शंका घेणार नाही.

मालिका चालू असतानाच येणाऱ्या रकमेतला एक तृतीयांश भाग वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याचं कार्ड घरी ठेवा. मालिका मिळाली म्हणून लगेच मोठं घर घेऊ नका. भाडं तुमच्या वाईट महिन्याला झेपेल एवढंच असू द्या. आरोग्य विमा स्वतः काढा, कारण आपल्याला तो देणारं ऑफिस नाही.

दुसरं उत्पन्न असं निवडा की ऑडिशनचा फोन आला तर दुपारी दोन तास निघता येईल. माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी पडलं ते डबिंग. परभाषेतल्या मालिका, चित्रपट, कार्टून मराठीत येतात आणि स्पष्ट उच्चाराचा, ओठांच्या हालचालीत वाक्य बसवणारा माणूस लागतोच. सुरुवात गर्दीच्या आवाजांपासून होते. हेडफोन एका कानावर ठेवून, पडद्यावरच्या माणसाचा श्वास पकडून बोलायचं असतं. पहिले काही दिवस जमत नाही, मग एकदम जमू लागतं. आकाशवाणीची नाट्यविभागाची आवाजचाचणी द्या, तिथे श्रेणी मिळते. बालनाट्य शिबिरं, शाळांच्या स्नेहसंमेलनांचं दिग्दर्शन, सूत्रसंचालन, डबिंगसाठी मराठी संहिता लिहिणं, सगळी मानाची कामं आहेत.

आणि नाटक सोडू नका. व्यावसायिक नाटकात प्रयोगावर पैसे मिळतात, त्याला आपण 'नाईट' म्हणतो. प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारी, त्यामुळे आठवडा मोकळा राहतो. आत शिरायचा एक दरवाजा फार कमी जणांना ठाऊक असतो, तो म्हणजे रिप्लेसमेंट. चालू नाटकातला कुणी मालिकेत अडकला की चार तालमींत उभं राहू शकेल असा माणूस शोधला जातो. शिवाजी मंदिर, यशवंत, दीनानाथ, गडकरी इथे प्रयोग पाहत राहा, प्रयोगानंतर विंगेत जाऊन व्यवस्थापकाला भेटा, नाव-नंबर द्या आणि त्या नाटकातली कोणती भूमिका तुम्ही करू शकाल ते नेमकं सांगा. 'काहीही चालेल' म्हणणारा लक्षात राहत नाही. नाटकाच्या प्रेक्षकांत दिग्दर्शक असतात, मालिकांचे लेखक असतात. माझी दोन मोठी कामं गडकरीच्या विंगेतून आली, ऑडिशनमधून नाही.

मोकळ्या दिवसालाही वेळापत्रक द्या. सकाळी व्यायाम आणि आवाज, मग एक पान पाठांतर, आठवड्यातून एकदा मित्रांसोबत वाचन. अंधेरीच्या चहाच्या टपरीवर दिवसभर बसून 'कोण काय करतंय' याच्या गप्पा मारणं हे नेटवर्किंग नव्हे. ज्यांच्याशी काम केलं त्यांना महिन्या-दोन महिन्यांनी एक छोटा मेसेज पाठवा: सध्या मोकळी आहे, नवा व्हिडिओ जोडला आहे. रोज 'गुड मॉर्निंग' पाठवू नका.

झोप लागत नसेल, खाणं सुटलं असेल, आठवडाभर कुणाशी बोलणं झालं नसेल तर डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा. गावी जाऊन पंधरा दिवस राहून या. रिकाम्या महिन्यात गावी गेल्याने करिअर संपत नाही, फोन तिथेही लागतो.

१०. दर वर्षी एकदा हिशोब

आर्थिक वर्ष संपलं की वही उघडा आणि चार गोष्टी लिहा: किती दिवस काम केलं, त्यातून किती आले, ते काम कुणामार्फत आलं, आणि यंदाच्या भूमिका गेल्या वर्षीपेक्षा वेगळ्या होत्या का. तिसऱ्या रकान्यात तीच दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा दिसतील. त्यांच्याशी संबंध जपा. चौथ्या रकान्यात सलग दोन वर्षं 'नायिकेची मैत्रीण' असंच येत असेल तर पुढची तशी भूमिका नाकारायची तयारी ठेवा. त्यासाठी ते वेगळं खातं भरलेलं हवं.

हिशोबात असंही दिसू शकतं की अभिनयापेक्षा संवादलेखनात, कास्टिंगमध्ये किंवा सहायक दिग्दर्शनात तुम्हाला जास्त काम मिळतंय आणि ते करताना बरं वाटतंय. तसं असेल तर तिकडे वळा. आज सेटवर मला कॉल टाइम पाठवणारी मुलगी माझ्याबरोबरच ऑडिशनच्या रांगेत उभी असायची. तिने एका मालिकेत असिस्टंटचं काम घेतलं, तिला ते आवडलं, आणि आता एपिसोड डिरेक्टर म्हणून तिला स्वतंत्र युनिट मिळतंय.